बारा फोटोंचा रोल

२०२२ च्या सप्टेंबर महिन्यात आमची आई गेली. मजल्यावरच्या बायका-पुरुषांनी धावपळ केली, भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झाले आणि पुढे जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सगळी कामे आपसात वाटून घेतली. आमच्यावर एकच काम टाकले. "आईंचा एक चांगला फोटो तेवढा द्या, भाऊ. मोठा करून फ्रेम करून आणतो."

काम सोपे वाटले. सात-आठ वर्षांत आमच्या मोबाईलमध्ये आईचे किती फोटो काढले असतील याची मोजदाद नव्हती. नातीच्या वाढदिवसाचे, १४ एप्रिलचे, चैत्यभूमीच्या रांगेतले, खिडकीपाशी तांदूळ निवडतानाचे. पण तो मोबाईल त्याच वर्षी जुलैच्या पावसात भिजून कायमचा बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. नवा मोबाईल घेतला तेव्हा फोटो गेल्याची हळहळही वाटली नाही, कारण आई समोरच बसलेली होती. फोटो काय, पुन्हा काढू!

कुणी म्हणाले, इंटरनेटवर साठले असतील. शोधाशोध केली तेव्हा कळले की ती सोय आम्ही कधी सुरूच केली नव्हती. नातेवाइकांच्या मोबाईलवर पाठवलेले दोन-चार फोटो मिळाले, पण मोठे केले की चेहऱ्याचे नुसते चौकोनी ठिपके दिसत. अखेर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला.

आधार कार्डावरचा फोटो कसा असतो ते वाचकांना ठाऊक आहे. आमची हसरी आई त्यात पकडून आणल्यासारखी दिसत होती. आत्या फ्रेमपुढे फुले वाहायला वाकली आणि म्हणाली, "ही काय आमची वहिनी न्हाई."

ते शब्द आम्हाला फार लागले. आम्ही पेशाने कारकून. आवक-जावक रजिस्टर, फायली, जुनी दप्तरे सांभाळण्यात नोकरीची वीस वर्षे गेली. लोकांचे कागद जपण्याचा पगार घेतो आणि स्वतःच्या आईचा एक फोटो आम्हाला जपता आला नाही.

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आमच्या तीन पिढ्या गेल्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. खोली १६० चौरस फुटांची. मधून अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. २०२३ साली आमची चाळ रिकामी करायची वेळ आली, तेव्हा माळ्यावरचे सामान उतरवताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. वडिलांनी तो सुतळीने बांधून ठेवला होता.

डब्यात होता मंडळाचा कॅमेरा. आगफा कंपनीचा क्लिक थ्री. त्याखाली बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह आणि प्रत्येक पाकिटावर वडिलांच्या हातची तारीख.

या कॅमेऱ्याची हकिगत सांगितली पाहिजे. तो कुणा एकाचा नव्हता. खोलीमागे वर्गणी काढून तरुण मंडळाने तो घेतला होता. वडील मंडळाचे खजिनदार, म्हणून तो आमच्या घरी राही. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो मिटलाच नाही आणि वडिलांची नोकरी गेली. पुढे ते रात्रपाळीचे वॉचमन झाले. घरातली भांडीसुद्धा त्या दिवसांत गहाण पडली. पण कॅमेऱ्याला त्यांनी हात लावला नाही. "ती समाजाची वस्तू हाय," एवढेच ते म्हणत.

क्लिक थ्री हा अगदी साधा कॅमेरा. त्याला बॅटरी नाही, सेल नाही. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असेल तर ढगाची. मागे एक लाल काचेची बारीक खिडकी, तीतून फोटोचा आकडा दिसे. रोल गुंडाळून पुढचा आकडा आला की बटण दाबायचे. माणूस आठ-दहा फुटांपेक्षा जवळ असला की फोटो पुसट येई, आणि उजेड कमी असला तर येतच नसे. आमच्या खोलीत दहा फूट मागे सरकायचे तर माणूस बोळात जाई, आणि उजेडाच्या नावाने दिवसाही दिवा लावावा लागे. त्यामुळे या कॅमेऱ्याने कुणाच्याही घरातला फोटो कधी निघाला नाही. ज्याचा फोटो काढायचा त्याला खाली पटांगणात उतरावे लागे.

रोलमध्ये फोटो बारा. वर्षाला रोल फार तर तीन. तेव्हा बारा फोटो कशाचे काढायचे यावर मंडळाची रीतसर बैठक होई! १४ एप्रिलला पाच, बुद्ध पौर्णिमेला दोन, कुणाच्या लग्नात एक, राहिलेले अडीअडचणीला. अडीअडचणीला म्हणजे कुणी वारले तर. मयताचा शेवटचा फोटो हाच त्याचा पहिला फोटो, अशी माणसे आमच्या चाळीत थोडी नव्हती.

आज जुन्या दिवसांबद्दल गोडगोड बोलण्याची रीत आहे. आम्हाला तसे बोलता येणार नाही. बारा फोटोंत सगळे मावत नसत. पुढारी, पाहुणे, पेटी-तबला वाजवणारे यांचे फोटो निघत. मागच्या रांगेतली माणसे राहून जात. आमच्या शेजारी एक मावशी होत्या, एकट्याच. गटई कामगाराच्या विधवा. १९९६ च्या जयंतीला त्यांनी आम्हाला अडवले. तोवर कॅमेरा आमच्या हातात आला होता. "बाळा, माझा बी एक काढ की," त्या म्हणाल्या. आम्ही लाल खिडकीत पाहिले, रोल संपला होता. "पुढच्या वेळी काढतो, मावशी." पुढची वेळ दरवेळी पुढे गेली. काही वर्षांनी त्या वारल्या तेव्हा मंडळाने बाबासाहेबांच्या फोटोपुढेच फुले वाहिली, कारण मावशींचा फोटो नव्हता. आज त्यांचा चेहरा आठवायचा म्हटले तर आम्हाला कपाळावरचे गोंदण तेवढे आठवते.

असो. डब्यातल्या एका पाकिटावर तारीख होती १४ जानेवारी १९९४.

ती तारीख आपल्यापैकी कोण विसरेल? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. त्यानंतर घरे जळाली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले. सोळा वर्षांनी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या दिवशी आमच्या चाळीत बायकांनी पेढे वाटले. आम्ही तेव्हा आठवीत. वडिलांनी कॅमेरा आमच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "आज तू काढ." आयुष्यातला पहिला फोटो आम्ही त्या दिवशी काढला. कशाचा काढला ते मात्र विसरून गेलो होतो.

निगेटिव्ह खिडकीकडे धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे दिसते, काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. काळ्या लुगड्यांतल्या पाच-सहा बाया दिसल्या, म्हणजे खरी लुगडी पांढरी. मधल्या बाईच्या हातात ताट. आई!

आता छाप कुठे काढायची? परळ भागात एका जुन्या फोटोग्राफर मास्तरांचा पत्ता मिळाला. दुकान त्यांनी कधीच बंद केले होते, पण एन्लार्जर भंगारात घातला नव्हता. मास्तर म्हणाले, "ही निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस आहे, मोठी आहे. हिच्यात भरपूर माल आहे." एके रविवारी त्यांनी मोरीच्या दाराला घोंगडी लावून अंधार केला, लाल दिवा लावला आणि निगेटिव्हमधून कागदावर काही सेकंद उजेड टाकला. कागद कोराच होता. मग तो औषधाच्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलकेच हलवत राहिले.

आधी ताट उमटले. मग पदराची किनार. मग आईचे दात. आई तोंडभर हसत होती. तिच्या मागे चाळीचा जिना आणि जिन्यावर पोरे. ताटातला एक पेढा तिने कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे केला होता. म्हणजे तो आम्हालाच देत होती. एकोणतीस वर्षे तो क्षण त्या डब्यात होता. छप्पर गळले, वडील गेले, आई गेली, तरी तो तसाच होता. मास्तरांनी कागद हायपोत टाकला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "रडून घ्या, इथे अंधारच आहे."

आत्याला छाप नेऊन दाखवली. तिने ती पदराने पुसली आणि म्हणाली, "ही आमची वहिनी."

तेव्हापासून आम्ही पुन्हा रोलच्या फोटोकडे वळलो. लोकांना हे खूळ वाटले. मुलगी म्हणाली, "पप्पा, मोबाईलमध्ये एवढा चांगला कॅमेरा आहे, आणि तुम्ही हे डबडं कशाला घेऊन फिरता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही या विद्येची थोडी माहिती करून घेतली, ती वाचकांना सांगतो.

फिल्म म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण बसवलेले असतात. उजेड पडला की त्या कणांत बदल होतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. डेव्हलपर नावाच्या औषधात उजेड लागलेल्या कणांची काळी चांदी होते. उरलेले कण हायपोने धुऊन निघतात. म्हणजे आईच्या अंगावरून परतलेला उजेड खरोखर त्या पट्टीवर येऊन पडला होता आणि तिथे चांदी होऊन राहिला. मोबाईलमध्ये तोच उजेड आकड्यांत बदलतो. आकडे वाईट नाहीत, त्यांची हवी तेवढी नक्कल होते. पण ते वाचायला यंत्र लागते, यंत्राला वीज लागते, खात्याला पासवर्ड लागतो. निगेटिव्ह वाचायला खिडकीतला उजेड पुरला.

गंमत अशी की हे आकड्यांचे तंत्र फिल्मच्याच कारखान्यात जन्मले. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली डिजिटल कॅमेरा तयार केला. पुढे त्याच तंत्राने फिल्मचा धंदा बसला आणि २०१२ साली कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. आपल्या देशात उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, 'इंदू' नावाची फिल्म काढी. आमच्या मंडळाचे कितीतरी रोल 'इंदू'चे होते. तो कारखानाही बंद पडला. फिल्म संपली असेच सगळ्यांना वाटले. पण गेल्या काही वर्षांत तरुण मुले जुने कॅमेरे शोधू लागली. कोडॅकने बंद केलेला एक्टाक्रोम रोल २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणला.

मात्र आता हे स्वस्त राहिलेले नाही. फोर्टातल्या बोरा बाजारात क्लिक थ्रीला चालणारा ब्लॅक अँड व्हाइट रोल विचारला तेव्हा किंमत ऐकून आम्ही दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरलो. एका रोलला हजाराच्या आसपास. धुण्याचे वेगळे. घरात पत्नीने विचारले, "बारा फोटोंना एवढे पैसे?" आम्ही बी.कॉम. झालेले, हिशेब आम्हालाही कळतो. पण अडीच वर्षांच्या हप्त्याने घेतलेल्या मोबाईलसोबत आईचे सगळे फोटो गेले, तो खर्च कुठल्या खात्यावर मांडायचा? शेवटी ठरले की दिवाळीच्या बोनसमधून एक रोल घ्यायचा, आणि त्यातला एकही फोटो आपल्या घरचा काढायचा नाही.

आम्ही चाळीत फिरून यादी केली. ज्यांचा कागदावरचा एकही धड फोटो नाही अशी म्हातारी माणसे. यादीत सतरा नावे झाली. रोलमध्ये बारा फोटो. पुन्हा तीच अडचण! या वेळी बैठक न घेता वयाप्रमाणे क्रम लावला.

पहिले नाव तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे. नव्वदीच्या घरात. दोन वर्षे खाली उतरल्या नव्हत्या. चौघा पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून खाली आणले. आजींनी पांढरे लुगडे नेसले होते आणि मांडीवर बाबासाहेबांची फ्रेम घट्ट धरली होती. भिंतीवरची फ्रेम त्यांनी स्वतः उतरवून घ्यायला लावली. घरात फोटो निघत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बाबांना बी खाली घ्या. त्यांच्याबिगर माझा फोटो कशाला?"

आम्ही दहा पावले मोजून मागे सरलो. उन्हाची खूण लावली. आजी ताठ बसल्या. मोबाईलसमोर माणूस कसाही उभा राहतो, पुन्हा काढता येतो हे त्याला माहीत असते. इथे एकच फोटो आहे हे आजींनाही कळले होते आणि आम्हालाही. पटांगणातली पोरेसुद्धा गप्प झाली. बटण दाबले.

"दिसतंय का त्यात, बाळा? दाखीव की."

"आत्ता न्हाई दिसत, आजी. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडं!" आजी हसल्या. "तवर मला ऱ्हावं लागंल म्हणायचं."

रोल मास्तरांच्या देखरेखीखाली आम्ही स्वतः धुतला. औषध वीस अंशांवर लागते आणि मुंबईचे पाणी त्याहून गरम. तेव्हा शेजारच्या फ्रिजमधला बर्फ आणून परातीत ओतला. धुतलेली फिल्म दोरीला चिमट्याने टांगली, मोरीत, बनियनशेजारी. बारांपैकी सात फोटो चांगले आले. तीन अंधुक निघाले. एका वेळी आम्ही रोल पुढे सरकवायला विसरलो, त्यामुळे दोन फोटो एकमेकांवर पडले आणि एका काकांच्या टोपीवर चाळीचा जिना उगवला! काकांना ती छाप इतकी आवडली की त्यांनी परत दिली नाही. उरलेल्यांसाठी पुढच्या महिन्यात दुसरा रोल घ्यावा लागला.

हा सगळा खटाटोप का, ते आता सांगतो.

सामाजिक कामात आमच्याकडे सर्वांत जास्त माणसे येतात ती कागदांसाठी. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा, खोलीच्या पात्रतेला जुनी पावती आणा. आपल्या माणसाकडे सारी दुनिया पुरावा मागते. आणि ज्यांना गावात घर नव्हते, शेत नव्हते, शाळेत बसू दिले नव्हते, त्यांचा कागद कुठून निघणार? आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातून गिरणीत आले. त्यांचा एकही फोटो नाही. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत ते होते आणि दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या समुदायात भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली, एवढे आजी सांगत असे.

त्या अंत्ययात्रेचे चित्रण आज आपण सगळे पाहू शकतो. ते लेखक व चित्रपट दिग्दर्शक नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून फिल्मवर केले. त्यांनी त्या दिवशी कॅमेरा उभा केला नसता तर मुंबईच्या रस्त्यांवरचा तो जनसागर आपल्याला फक्त ऐकून माहीत झाला असता. ते चित्रण लागले की आमच्या घरात कुणी बोलत नाही. वडील हयात होते तोवर पडद्याजवळ सरकून बसत. आम्हीही तसेच बसतो. प्रत्येक चेहरा पाहतो. आजोबा कसे दिसत ते आम्हाला माहीत नाही, तरी शोधतो. त्या गर्दीत ते कुठेतरी आहेतच.

म्हणून आमचे म्हणणे असे नाही की मोबाईल टाकून द्या. ज्या फिल्मचे आम्ही गुण गातो ती महाग होती म्हणूनच आजोबांचा फोटो नाही आणि मावशींचाही नाही. आज शेतमजुराच्या मुलीच्या हातात कॅमेरा आहे. वस्तीवर अन्याय झाला तर ती तो टिपून दहा मिनिटांत जगाला दाखवू शकते. ही ताकद मोठी आहे, ती सोडण्याचा प्रश्नच येत नाही. पण टिपणे वेगळे आणि जपणे वेगळे. मोबाईलने टिपण्याची सवय लावली आणि जपण्याची मोडली. हजार फोटो आहेत म्हणून एकाचीही काळजी कुणी करीत नाही.

भगवान बुद्धांनी सर्व संस्कार अनित्य सांगितले आहेत. फिल्मही त्यातून सुटत नाही. तिला दमट हवेत बुरशी लागते, रंगीत फोटो लालसर पिवळे पडतात. अनित्य आहे म्हणून जपायचे नाही, असे मात्र नाही. दिवा विझणार हे माहीत असूनही आपण विहारात त्याला वात लावतोच.

तेव्हा अनुभवावरून काही गोष्टी सुचवतो. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या फेकू नका. छाप हरवली तरी निगेटिव्हमधून नवी निघते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बटर पेपरमध्ये घालून कोरड्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यानंतर डबा एकदा उघडून पाहा. जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परका होतो. मोबाईलमधल्या फोटोंपैकी वर्षाला निदान दहा-बारा निवडा आणि कागदावर छापून घ्या. त्याची एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा फोटो आधी काढा. रोलवर जमला तर रोलवर, नाही जमला तर मोबाईलवर, पण कागदावर आणा.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमचा नंबर त्यात नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर त्याआधीच, २०२४ च्या उन्हाळ्यात, संक्रमण शिबिरात वारल्या. त्यांचा मुलगा सकाळी दाराशी आला, म्हणाला, "भाऊ, आईचा तो फोटो मोठा करून मिळेल का?" आम्ही डबा उघडला. जलदान विधीला आजी फ्रेममध्ये ताठ बसल्या होत्या, मांडीवर बाबासाहेब. येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, "अगदी आजीच!"

त्यांच्या तीन लेकींना तीन छापा करून दिल्या. आमच्या मुलीने प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने आजींचे नाव लिहिले, माहेरचे गाव लिहिले, वर्ष लिहिले. मग तिने आम्हाला विचारले, "पप्पा, मावशींचं नाव काय होतं? ज्यांचा फोटो राहिला त्यांचं?"

आम्ही नाव सांगितले. तिने ते एका कोऱ्या पाकिटावर लिहिले आणि डब्यात ठेवले.

जयभीम.